सहाव्या विषयाची भीती

दरवर्षी मे महिन्यात बारावीचा निकाल लागतो आणि दुपारी एकनंतर माझा फोन काही थांबत नाही. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजला भूगोल शिकवतो, प्रवेशाच्या कामात बरीच वर्षं बसलोय, त्यामुळे आसपासच्या गावांतले लोक ओळखीनं नंबर मिळवतात आणि विचारतात. मागच्या निकालाला पहिला फोन जिंतूरकडच्या एका शेतकऱ्याचा होता. "सर, पोरीला गणितात 43 च पडलेत हो. आता डॉक्टरकीचं काही खरं नाही असं सगळे म्हणायलेत. पाहुणे म्हणायलेत बीएला टाका न् पुढचं बघा."

पोरगी सकाळपासून जेवली नव्हती. तिचा ग्रुप पीसीएमबी, म्हणजे गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतलेलं, आणि तिला करायचं होतं मेडिकल. मी विचारलं, फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीची बेरीज किती? त्यांनी पोरीला विचारून सांगितलं, 300 पैकी 214. म्हणलं काका, मग रडायचं कारणच नाही, मेडिकलला बारावीचे हे तीनच विषय धरतात, ओपनला 50 टक्के म्हणजे 150, एससी, एसटी, ओबीसीला 40 टक्के म्हणजे 120, इंग्रजीत पास पाहिजे, बाकी सगळं नीट ह्या प्रवेश परीक्षेच्या 720 मधल्या मार्कांवर. गणितात 43 असोत की 93, तिथं कोणी बघत नाही. त्यांनी तीनदा विचारलं, "म्हणजे गणित धरतच नाहीत?" धरतच नाहीत, काका.

हे सगळं दोन मिनिटांत सांगून झालं. पण ही दोन मिनिटं त्या पोरीला दोन वर्षांत कुणीच दिली नव्हती. अकरावीचा फॉर्म भरताना नाही, बारावीच्या सराव परीक्षेला नाही, क्लासवाल्यांनी लाख-दीड लाख घेतले त्यांनीही नाही. मला ह्याचाच राग येतो आणि म्हणूनच हे लिहायला बसलोय.

ऐच्छिक विषयात कमी मार्क पडले तर कॉलेजच्या प्रवेशावर काय परिणाम होतो, ह्याचं एकच एक उत्तर नाहीये. तुम्ही कुठं जाणार त्याच्यावर ते आहे. पण आपल्याकडं लातूर असो, नांदेड असो की बीड, लोकांच्या डोक्यात एकच आकडा बसलेला असतो, एकूण टक्केवारी. सहा विषय, 600 मार्क, त्याचे टक्के, आणि ते टक्के म्हणजे लेकराची किंमत. पेढे त्याच्यावर, बॅनर त्याच्यावर, सोयरीकसुद्धा त्याच्यावर. आणि सहाव्या विषयानं ते टक्के खाली ओढले की सगळं घर सुतकात. गणितात 75 च्या जागी 43 आले तर एकूण टक्के साधारण सव्वापाचनं उतरतात, हे खरंय, मार्कशीट हातात घेतली की ते दिसतं. पण प्रवेश देणारा त्या टक्क्यांकडं बघतो का, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

इंजिनिअरिंगचं बघा. महाराष्ट्रात एमएचटी-सीईटी ह्या प्रवेश परीक्षेचा परसेंटाईल (किती टक्के पोरं तुमच्या मागं आहेत तो आकडा) लागतो आणि बारावीत फिजिक्स, गणित हे दोन सक्तीचे आणि तिसरा केमिस्ट्री किंवा त्याच्या जागी चालणारा एखादा विषय, ह्या तिघांत मिळून 45 टक्के, राखीव प्रवर्गाला 40. संपलं. मराठीत किती, भूगोलात किती, कुणाला देणंघेणं नाही. फार्मसीला तर तिसरा विषय गणितही चालतो, जीवशास्त्रही चालतं. म्हणजे एकात मार खाल्ला तरी दुसरा हात द्यायला असतो, आणि दोन्ही विषय घेतलेल्या पोरानं खरं तर निवांत राहायला पाहिजे.

पण आता उलटी बाजू सांगतो, कारण "काही फरक पडत नाही" असं सरसकट सांगणारेही पुष्कळ आहेत आणि तेही चुकीचंच सांगायलेत. आयआयटी-एनआयटीला जेईईची रँक कितीही चांगली असली तरी बारावीत 75 टक्के लागतात, एससी-एसटीला 65, नाहीतर आपल्या बोर्डाच्या वरच्या 20 परसेंटाईलमध्ये, म्हणजे वरच्या वीस टक्के पोरांत, बसावं लागतं. आणि हे 75 टक्के नुसते पीसीएमचे, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-गणिताचे नाहीत. पाच विषय धरतात: फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, एक भाषा, आणि ह्या चारांशिवायचा एक. तो पाचवा म्हणजे कित्येकदा माझा भूगोल असतो. समजा फिजिक्स 74, केमिस्ट्री 71, गणित 83, इंग्रजी 70, झाले 298. पाचव्यात 77 पडले की बरोबर 375, म्हणजे 75 टक्के, पोरगं सुटलं. पाचव्यात 62 पडले तर 360, आणि मग घरादारानं 20 परसेंटाईलच्या आकड्याकडं डोळे लावून बसायचं, जो आकडा निकालानंतरच कळतो. ज्या विषयाच्या तासाला ते पोरगं दोन वर्षांत चार वेळा आलं असेल, तोच विषय असा दारात आडवा येतो.

मला हे माहीत आहे कारण मी हे बघितलंय. पोरं नावाला गावच्या कॉलेजात असतात, राहतात लातूरला नाहीतर नांदेडला, खोली, मेस, क्लास, टेस्ट सिरीज. प्रॅक्टिकलच्या आठवड्यात येतात, सही करतात, जातात. ऐच्छिक विषयाचं पुस्तक काही जणांनी फेब्रुवारीत पहिल्यांदा उघडलेलं असतं. आणि मग पालक येतात, "सर, तेवढं तोंडीचं बघा." माझ्या विषयाला 80 चा पेपर आणि 20 आमच्या हातात. त्या 20 पैकी 18, 19 देण्याची पद्धतच पडलीये. मीही दिलेत. तासाला न आलेल्या पोराला 18 आणि पहिल्या बाकावर बसणाऱ्या, रोज सात किलोमीटरवरून सायकलनं येणाऱ्या पोरीला 19, ह्या दोघांत एका मार्काचा फरक मी स्वतःच्या हातानं केलाय आणि त्याची बोचणी मला अजून आहे. फुगवलेले मार्क देऊन आपण त्या पोराचं भलं करतो असं वाटतं, पण 80 च्या पेपरला तो एकटाच असतो.

भरतीच्या पोरांचं तर कोणी धरतच नाही. हा कॉलेज प्रवेशाचा विषय नाही पण आपल्या भागात सोडून चालणार नाही, कारण पहाटे पाचला रोडवर पळणारी पोरं गावागावात आहेत. अग्निवीर क्लार्कला बारावीत एकूण 60 टक्के आणि शिवाय प्रत्येक विषयात 50 पाहिजेत. प्रत्येक विषयात. टेक्निकलला पीसीएम आणि इंग्रजीत मिळून 50 टक्के न् एकेका विषयात 40. म्हणजे एकूण 70 टक्के आहेत पण एका विषयात 46, तर क्लार्कच्या फॉर्मलाच बसत नाही. हे पोराला कधी कळतं? फॉर्म भरायला नेट कॅफेत गेल्यावर. छाती फुगवून, दोन वर्षं पळून, वजन-उंची सगळं बसवून झाल्यावर.

तर मुद्दा असा की नियम वेगवेगळे आहेत, आणि ते काही गुप्त नाहीत, दरवर्षी माहितीपुस्तिकेत छापून येतात. पण येतात कधी, तर बारावी होता होता. आणि विषय निवडायचे कधी, तर दहावी झाल्या झाल्या, पंधरा-सोळाव्या वर्षी, रांगेत उभं राहून, नाहीतर आता 2025-26 पासून सगळ्या राज्यात अकरावी ऑनलाईन झाल्यामुळे कुणाच्या तरी मोबाईलवर, दहा मिनिटांत. ह्या दोन वेळांत दोन वर्षांचं अंतर आहे आणि त्या अंतरात जे घडतं ते मला कमी मार्कांपेक्षा जास्त वाईट वाटतं.

भीतीनं विषय सोडले जातात. दहावीला गणितात 58 पडले की घरात ठरतं, अकरावीला गणित नको, टक्के पडतील. मग गणिताच्या जागी काय, जे स्कोरिंग असेल ते. कुणी भूगोल घेतं, कुणी क्रॉप सायन्स, इलेक्ट्रॉनिक्ससारखा 200 मार्कांचा बायफोकल, म्हणजे व्यवसायाशी जोडलेला विषय घेतं. विषयांना माझा काडीचाही विरोध नाही, क्रॉप सायन्स तर आमच्या भागात मनापासून शिकवलं पाहिजे, परभणीला 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे आणि घरोघरी सोयाबीन-कापूस आहे, त्याच्याइतका जवळचा विषय कोणता? पण तो घेतला जातो प्रॅक्टिकलच्या मार्कांसाठी. बायफोकल घेतला की एका भाषेची न् एका ऐच्छिक विषयाची जागा जाते, मग गणित आणि जीवशास्त्र यातलं एक सोडावं लागतं, आणि पोरं बहुतेक गणित सोडतात.

गणित सोडलं की काय काय जातं ते कुणी मोजून दाखवत नाही. सगळं इंजिनिअरिंग गेलं. आर्किटेक्चर गेलं. एनडीएचं नेव्ही, एअर फोर्स गेलं, आर्मीपुरतं राहिलं. पुढं बीएस्सीला स्टॅटिस्टिक्स घ्यायची पंचाईत. नीट पहिल्या वेळी निघाली नाही, दुसऱ्या वेळी निघाली नाही, आणि रिपीट करणाऱ्यांत बहुतेकांची निघत नाही कारण जागाच तेवढ्या नाहीत, तर ते पोरगं विसाव्या वर्षी परत माझ्यासमोर बसलेलं असतं आणि विचारतं, सर आता काय काय उरलंय? त्या वेळी मला हटकून वाटतं की ह्याला बारावीत गणितात 45 पडले असते तर बरं झालं असतं. 45 पडलेल्याला दार उघडं होतं, विषय न घेतलेल्याला ते दारच नाही.

जीवशास्त्र सोडलेल्यांसाठी निदान एक वाट झालीये. 2023 च्या नोव्हेंबरात नॅशनल मेडिकल कमिशननं सांगितलं की बारावी झाल्यावर जादा विषय म्हणून बायोलॉजी देऊन पास झालेल्यांनाही नीटला बसता येईल. आपल्या बोर्डात तुरळक विषय म्हणून, म्हणजे नुसत्या तेवढ्याच एका विषयाची परीक्षा देता येते. किती पोरांना हे माहिती आहे? माझ्या अंदाजानं वर्गातल्या दोघा-तिघांना.

आता पदवीचं बोलू, कारण तिथं तर गोंधळ आणखी नवा आहे. 2024-25 पासून आपल्याकडच्या संलग्न कॉलेजात नवीन शैक्षणिक धोरण आलं, संभाजीनगरच्या विद्यापीठाचं कॉलेज असो की नांदेडच्या. मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडविषय, आणि ओपन इलेक्टिव्ह. ओपन इलेक्टिव्ह म्हणजे आपल्या विद्याशाखेबाहेरचा विषय. कल्पना मला आवडते, खरंच आवडते. इतिहासाच्या पोरानं थोडं विज्ञान शिकावं, केमिस्ट्रीच्या पोरीनं थोडं साहित्य वाचावं, ह्यात वाईट काय आहे. पण तालुक्याच्या कॉलेजात जाऊन बघा. दोनच विद्याशाखा, त्यातल्या निम्म्या जागा रिकाम्या, तासिका तत्त्वावरचे सर दोन कॉलेजात पळतायत. बीएच्या पोराला ओपन इलेक्टिव्हला निवड किती, तर एक. जे शिकवायला माणूस आहे तेच. कधी तेही नाही, वेळापत्रकात विषय आहे, वर्गात कुणी नाही, परीक्षेला पेपर मात्र वेळेवर येतो. आणि मग त्यात पोराला पी ग्रेड पडली, म्हणजे दहापैकी 4 पॉईंट, की ती त्याच्या सीजीपीएत, म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या ग्रेड पॉईंटच्या सरासरीत, कायमची चिकटते.

किती चिकटते ते हिशोब करून सांगतो, कारण इथंही भीती मोठी आणि आकडा लहान आहे. समजा सेमिस्टरला 22 क्रेडिट (क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन), त्यात हा विषय 4 क्रेडिटचा. एरवी ए म्हणजे 8 पॉईंट पडले असते, पडले 4. फरक 4 गुणिले 4, सोळा. त्या सेमिस्टरचा एसजीपीए, म्हणजे तेवढ्या एका सेमिस्टरची सरासरी, सोळा भागिले बावीस, म्हणजे 0.73 नं उतरला. निकालाचा कागद बघून पोरगं हादरतं. पण तीन वर्षांच्या 132 क्रेडिटवर तोच सोळा पसरला की सीजीपीए उतरतो फक्त 0.12, म्हणजे 7.40 च्या जागी 7.28. विषय 2 क्रेडिटचा असेल तर 0.06. म्हणजे 7.40 च्या जागी 7.28. एमएस्सीला, एमएला त्यानं जग बुडत नाही, आणि सीयूईटी-पीजी देऊन बाहेरच्या केंद्रीय विद्यापीठात जायचं असेल तर तिथं मुख्य भार त्या परीक्षेच्या मार्कांचा.

मग नुकसान कुणाचं होतं? काठावरच्याचं. बीएडला पदवीत 50 टक्के लागतात, राखीवला 45, एमबीएला तसंच. जे पोरगं 50 च्या आसपास आहे, हंगामात ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांमागं घर सांभाळतं, भावंडांना शाळेत सोडून कॉलेजला येतं, त्याला ते 0.12 महागात पडतं. आणि दुसरा त्याच्यापेक्षा अवघड प्रकार म्हणजे एफ, नापासाची ग्रेड. ग्रेड कमी पडली तर सीजीपीए थोडा हलतो, पण एफ पडला तर क्रेडिटच मिळत नाही, बॅकलॉग राहतो, पदवी अडकते, आणि पदवी अडकली की पीजीचा प्रवेश हातातून जातो. मेजरमधल्या बॅकलॉगची पोरं काळजी घेतात, ओपन इलेक्टिव्हचा तसाच पडून राहतो, "बघू पुढच्या वेळी" म्हणत म्हणत सहावं सेमिस्टर येतं. माझ्याकडं सल्ला मागणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो की कमी ग्रेडसाठी झोप घालवू नको, पण इलेक्टिव्हचा बॅकलॉग असेल तर आजच फॉर्म भर.

माझं स्पष्ट मत आहे की पदवीच्या पहिल्या वर्षाचा ओपन इलेक्टिव्ह सीजीपीएत धरूच नये. पास-नापास ठेवा. क्रेडिट द्या, ग्रेड पॉईंट मोजू नका. ह्यावर प्राध्यापक मित्र लगेच म्हणतात, मग पोरं अभ्यासच करणार नाहीत. मी त्यांना विचारतो, आत्ता करतात का? आत्ता ते गाईड घेतात, सोप्यात सोपा विषय शोधतात, कुठले सर सढळ हातानं मार्क देतात ते सीनिअरला विचारतात. नवीन काही शिकून बघावं म्हणून हा विषय आणला आणि मार्क कापायची भीती त्याच्यावर टाकली, तर पोरगं नवीन कशाला घेईल? बीए मराठीच्या मुलीला डेटाचं काहीतरी शिकायचं असतं पण ती घेत नाही, कारण तिला माहीत आहे की तिथं बी ग्रेड पडेल आणि ओळखीच्या विषयात ए प्लस. मार्क न मोजता नुसतं पास व्हायचं असेल तर ती घेईल, अडखळेल, थोडं शिकेल. आणि जिथं निवडायला एकच विषय होता आणि शिकवायला माणूस नव्हता तिथल्या ग्रेडचा भार लेकरानं का वाहायचा? ते ऐच्छिक म्हणायचंच कसं, ज्यात त्याची इच्छा कुणी विचारलीच नाही.

हे मान्य करतो की पास-नापास केलं की काही पोरं टंगळमंगळ करतील. करू द्या. त्यासाठी हजेरी आहे, प्रकल्प आहे, पास होण्याची रेषा नीट राखा. पण प्रवेशाच्या आणि नोकरीच्या हिशोबातून ते काढा.

आणि बारावीसाठी माझं मागणं ह्याहून साधं आहे. अकरावीच्या फॉर्मबरोबर एक कागद द्या, मराठीत. कुठल्या कोर्सला कोणते विषय धरतात, किती टक्के लागतात, कोणता विषय सोडला तर काय बंद होतं. प्रवेश परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलकडं ही माहिती आहे, बोर्डाकडं आहे, फक्त ती पोराच्या हातात योग्य वेळी पडत नाही. संभाजीनगरात, पुण्यात राहणाऱ्याला कुणीतरी काका-मामा सांगतो. सेलू, भूम, किनवटच्या वाडी-तांड्यावर सांगणारा कोण आहे? तिथं क्लासचा एजंट येतो आणि तो त्याच्या बॅचला सोयीचं असेल तेच सांगतो.

मी आमच्यापुरतं एक सुरू केलंय. फॉर्म घेताना पोराला मागच्या बाजूला लिहायला लावतो, तुला कुठं जायचंय, तीन ठिकाणं लिही. मग आम्ही दोघं बसून समोर विषय मांडतो. ह्यानं माझंच काम वाढतं आणि भूगोलाची पोरं कमी होतात, तुकडी कमी झाली की कार्यभार कमी होतो, ते मला परवडणारं नाही, पण ते नंतर बघू.

मागच्या जूनला एक बाई पोराला घेऊन आल्या. फॉर्मवर गणिताच्या जागी भूगोल लिहिला होता, "स्कोरिंग आहे म्हणायलेत सगळे." पोरानं मागच्या बाजूला लिहिलं होतं, इंजिनिअर, एअर फोर्स, आणि तिसरं रिकामं. मी भूगोल खोडायला लावला आणि गणित लिहायला लावलं. पोरगं घाबरलेलं होतं, आई जास्त. पहिल्या चाचणीला त्याला 25 पैकी 9 पडले. त्याची आई परवा आठवडी बाजारात भेटल्या, भाजीची पिशवी खाली ठेवून म्हणाल्या, "सर, नऊच पडलेत की हो."

मी म्हणलं, पडू द्या, ताई. तो दहा किलोमीटरवरून येतो, चारनंतर थांबायला सांगा, गणिताच्या सरांशी मी बोललोय.